साहेब, यांनी अभ्यास कधी करायचा?

प्रति,
मा. सचिव व सर्व अधिकारी,
शालेय शिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई.

विषय : प्राथमिक शिक्षकांना टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) अभ्यासासाठी वेळ मिळणेबाबत.

महोदय, महोदया,

वरचं ‘मिळणेबाबत’ मी यांच्या फाइलीतून उचललंय. आमच्या घरी येणारा प्रत्येक कागद ‘बाबत’ असतो. माहिती तात्काळ सादर करणेबाबत, प्रशिक्षणास उपस्थित राहणेबाबत, खुलासा करणेबाबत. इतकी वर्षं मी ते कागद नुसते टेबलावरून उचलून फाइलीला लावले. आज एक स्वतः लिहितेय.

मी शिक्षिका नाही. बारावीनंतर शिक्षण सुटलं. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये गणवेश. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत उपशिक्षक आहेत. हे पत्र मी यांना न विचारता लिहितेय. जिल्हा परिषदेच्या नोकरांना १९६७ चे वर्तणूक नियम आहेत म्हणे, शासनाविरुद्ध जाहीर लिहिता येत नाही. ते यांना लागू आहेत, मला नाहीत. तरी नाव-गाव लिहीत नाही, समजून घ्या. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ वळत नाही) पूर्वेकडचं तालुक्याचं गाव आहे, बीडची शीव जवळ. नवरात्रात मोहटादेवीला जाणाऱ्यांची रीघ आमच्या दारावरून जाते आणि दसरा झाला की दुसरी रीघ लागते, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रकांची. यांच्या शाळेतली अर्धी पोरं त्या दुसऱ्या रिघेत असतात.

शाळा वस्तीवर आहे, आमच्या घरापासून सतरा किलोमीटर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पटावर तेहेतीस. दिवाळीनंतर वर्गात बसणारी वीस-एकवीस. बाकीची आईबापाबरोबर कारखान्याच्या थळावर. दरवर्षी सप्टेंबरातच हे घरोघर फिरायला लागतात, पोरगी आजीपाशी ठेवा म्हणून. हंगामी वसतिगृहातून पोराच्या जेवणाची सोय होते, पण मुकादमाची उचल (मजुरीचे आगाऊ पैसे) घेतलेल्या माणसाला पोर मागे ठेवणं परवडेलच असं नाही. पोर गेलं, तर धाकट्याला कोपीवर सांभाळायला कुणीतरी होतं. मग हे निदान शिक्षण हमी कार्ड भरून देतात, जाईल तिथल्या शाळेत पोराला बसता यावं म्हणून, आणि मुकादमाचा नंबर लिहून घेतात. यांच्या मोबाइलमध्ये आमच्या नातेवाइकांपेक्षा मुकादम जास्त आहेत.

आमचं लग्न २००३ चं. स्थळ सांगून आलं तेव्हा मुलगा शिक्षण सेवक होता, मानधन महिना तीन हजार. माझ्या वडिलांनी मध्यस्थाला दोनदा विचारलं, तीन हजार महिन्याचे का पंधरवड्याचे? २००० साली ती योजना आली, तीन वर्षं मानधनावर काढायची आणि मग कायम व्हायचं. हे २००१ ला लागले. डी.एड. झालेले, गुणवत्ता यादीतून निवड, रीतसर नेमणूक. तेव्हा टीईटी नावाची परीक्षा देशात कुठेच नव्हती. शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, टीईटीची अट २०१० ची, आणि महाराष्ट्रात पहिली टीईटी झाली २०१३ ला. तोवर यांच्या हाताखालून गेलेली पहिली पोरं कॉलेजात पोचली होती.

आता १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची किंवा सक्तीची निवृत्ती. हे अठ्ठेचाळीस वर्षांचे आहेत. अजून दहा वर्षं आहेत. म्हणजे यात पक्के बसले.

त्या संध्याकाळी यांनी बातमी दोनदा वाचली, चष्मा पुसला आणि धाकटीला म्हणाले, “तुझी दहावी आणि माझी पहिली.” धाकटी यंदा दहावीला आहे. मी म्हटलं, चिडा तरी. तर म्हणाले, “पोरांची दर महिन्याला चाचणी घेतो, मग माझी घेतली तर रडायचं कशाला?” संघटनेच्या लोकांना हे पटणार नाही, मलाही निम्मंच पटलं. पण यांचा स्वभाव तसा आहे. म्हणून हे पत्र परीक्षा रद्द करा म्हणायला लिहिलेलं नाही. याच परीक्षेत पैसे घेऊन नापासांना पास केल्याचं पुणे पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात उघडकीला आणलं होतं, पुढे साडेसात हजारांवर उमेदवारांवर कारवाई झाली, ते सगळं आम्ही पेपरात वाचलंय. तरीही घ्या परीक्षा. माझं म्हणणं वेगळं आहे.

आमच्या घरात एकच मोठं टेबल आहे, माझं कटिंगचं. त्याच्या एका टोकाला धाकटीचं भूमितीचं, दुसऱ्या टोकाला यांचं ‘बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र’. मध्ये माझं कापड. पेपर एक, पहिली ते पाचवीसाठी, दीडशे गुणांचा. तीस बालमानसशास्त्र, तीस मराठी, तीस इंग्रजी, तीस गणित, तीस परिसर अभ्यास. खुल्या गटाला साठ टक्के लागतात, म्हणजे नव्वद. हे मला पाठ आहे, कारण रात्री मशिनवर बसून प्रश्न मी वाचते आणि हे उत्तरं देतात. वाचून वाचून पियाजेच्या चारही अवस्था मला क्रमाने येतात. गिऱ्हाईक मापाला आलं की म्हणावंसं वाटतं, ताई, हात वर करा, तुम्ही सध्या मूर्त क्रियात्मक अवस्थेत आहात.

एके रात्री वायगॉट्स्कीचा प्रश्न आला. समीपस्थ विकासाचे क्षेत्र म्हणजे काय, चार पर्याय. यांना शब्द आठवेना. गप्प बसले. मी मशीन थांबवून उत्तर वाचून दाखवलं, पोराला एकट्याला जे जमतं आणि कुणी मदत केल्यावर जे जमतं, त्यांच्यातलं अंतर. तसे हे एकदम उठून बसले. “हे तर मोळीचं आहे!”

मोळीचं म्हणजे असं. तिसरीत हातच्याची वजाबाकी येते. बत्तीसमधून पंधरा घालवा. दोनातून पाच जात नाहीत, शेजाऱ्याकडून दहा उसने घ्या. एका पोरीच्या डोक्यात ते काही केल्या शिरत नव्हतं. उसने म्हटलं की ती विचारायची, परत कधी द्यायचे? (मुकादमाची उचल बघत वाढलेली पोरगी, तिचं काय चुकलं?) मग यांनी ज्वारीच्या धाटाचे तुकडे केले, दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या, उसाची बांधतात तशा, वाढ्याने. बत्तीस म्हणजे तीन मोळ्या आणि दोन सुट्या कांड्या. पाच द्यायच्यात, सुट्या दोनच. काय करशील? पोरीने मोळी उचलली, गाठ सोडली, बारा कांड्या समोर पसरल्या. उसनं नाही आणि फेडायचंही नाही. आपलीच मोळी सोडायची. त्या दिवशी घरी येऊन यांनी मला भाजीच्या शेंगांवर ते करून दाखवलं होतं, चार वर्षांपूर्वी. नाव मात्र आत्ता कळलं, समीपस्थ विकासाचे क्षेत्र.

नाव माहीत असावं, माझं काही म्हणणं नाही. पण ते पाठ करायला रात्र लागते, आणि यांची रात्र कुठे जाते ते सांगते.

पहाटे साडेचारला उठून हे धाकटीला उठवतात, तिचा चहा करतात. मग आबांचं. माझे सासरे तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने आडवे झाले. त्यांची अंघोळ, दाढी, कूस बदलणं हे यांनी माझ्यावर कधी टाकलं नाही. म्हणतात, “आबांना तुझ्यासमोर लाज वाटते.” आठवड्यातून एकदा नळ येतो, त्या दिवशी ड्रम भरणंही असतं. साडेआठला डबा घेऊन गाडीवर. शाळेत परिपाठ, वर्ग, पोषण आहाराचे तांदूळ मोजून देणं, पोरांच्या आधी चव घेऊन चव रजिस्टरला सही करणं, दुसरे सर मीटिंगला गेले तर चारही वर्ग एकट्याने. सहाला घरी. इथवर माझी काही तक्रार नाही, यालाच नोकरी म्हणतात. आबांना बसवून भरवलं की आठ वाजतात, आणि मग मोबाइल सुरू होतो.

यू-डायस, सरल, अपार (शाळेची आणि पोरांची माहिती ऑनलाइन भरायची ही सरकारी कामं), पोषण आहाराची माहिती, प्रशिक्षणाची लिंक, कुठला तरी फोटो अपलोड. वस्तीवर रेंज नाही म्हणून ते सगळं घरी येतं. आधारवरचं नाव आणि दाखलखारिज रजिस्टरातलं नाव जुळत नसलं की पोर संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) धरलं जात नाही, आणि पोर धरलं नाही तर शाळेचं एक पद जातं. म्हणून एकेका नावामागे हे रात्र-रात्र असतात. मागे एका पोराच्या बापाच्या मोबाइलवर ओटीपी जाणार होता. कोणत्या पोर्टलचा ते मला विचारू नका. बाप कराडकडे उसाच्या फडात. रात्री नऊला फोन लागला.

“गुरुजी बोलतोय. एक नंबर आला असंल बघा, सहा आकडी.”

“आलाय की.”

“तेवढा सांगा.”

“नाय गुरुजी. बँकवाल्या बाईंनी सांगितलंय, ओटीपी मागंल त्यो चोर.”

“अहो, मी तुमच्या पोराचा मास्तर!”

“चोर बी असंच म्हणतो म्हणं.”

आम्ही तिघं हसून हसून पडलो, पलंगावरून आबासुद्धा तोंड वाकडं करून हसले. ओटीपीची वेळ संपली. पुन्हा पाठवला, बायकोला फोन दिला, तिने यांचा आवाज ओळखला, तेव्हा आकडे मिळाले. दहा वाजून गेले होते. त्या रात्री इंग्रजीचे शब्दयोगी अव्यय करायचे ठरले होते. इंग्रजी हीच यांची खरी भीती आहे. मराठी माध्यम, मराठी डी.एड., आणि पहिलीला इंग्रजी शिकवतात ते बॉल-बॅट-कॅटचं. तीस गुण तिकडे आहेत.

शिवाय हे बीएलओ आहेत. मतदार यादीचं काम, आमच्याच गावातल्या एका भागाचं. मयतांची नावं काढा, नव्यांचे अर्ज घ्या, घरोघर जाऊन खात्री करा. रविवार त्यात जातो. लोक दारात उभं करून विचारतात, “गुरुजी, शाळा नसते का तुम्हाला?” शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ यांनी मला वाचून दाखवलंय. दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं बिनशैक्षणिक काम लावायचं नाही. वाचताना बरं वाटतं. पण कायद्याने सोडलेली ती तीनच कामं किती मोठी आहेत, ते कॅलेंडर समोर घेऊन बसल्यावर कळतं. म्हणून मी एका रविवारी कॅलेंडर घेऊन बसले.

निकालाची दोन वर्षं म्हणजे सप्टेंबर २०२५ ते ऑगस्ट २०२७. त्यातली पहिली टीईटी २३ नोव्हेंबरला झाली. आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचं मतदान लागलं २ डिसेंबरला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात यांचं निवडणूक प्रशिक्षण होतं. जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका अजून व्हायच्यात. त्या झाल्या की एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात जनगणनेची घरयादी. फेब्रुवारी २०२७ ला प्रत्यक्ष शिरगणती. प्रगणक कोण असणार, ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मग उरलं काय? २०२७ चा उन्हाळा. त्यात आमच्या मोठीचं लग्न निघालं नाही म्हणजे मिळवली.

तुम्ही म्हणाल, जनगणना केंद्राची, मतदार यादी निवडणूक आयोगाची, निकाल न्यायालयाचा, यात आमचा काय संबंध? बरोबर आहे. कामं चार ठिकाणची आहेत. माणूस मात्र एकच आहे आणि तो तुमच्या आस्थापनेवर आहे. त्याच्या दिवसाचे तास एकत्र मोजायचे, तर ते तुमच्याशिवाय कोण मोजणार? २०२४ मध्ये शासनाने शैक्षणिक काम कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं, याच्या याद्या काढल्या. यांनी त्या वाचल्या आणि हसून बाजूला ठेवल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “काम तेवढंच आहे, रकाना बदललाय.”

परीक्षेच्या दिवसाचं थोडं सांगते. केंद्र नगरला होतं. साडेदहाचा पेपर, पहाटे साडेपाचची एसटी. तीनला उठून आबांचं आवरलं, माझा हात लागू दिला नाही. फाटकाशी गर्दी होती, सगळी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी. हे रांगेत शिरायला लागले तर वॉचमन म्हणाला, “काका, पालकांनी बाहेर थांबायचं.” यांनी खिशातून हॉलतिकीट काढून दाखवलं. तो बिचारा ओशाळला, सर सर करायला लागला. ही गोष्ट यांनी मला सांगितलीच नाही. बरोबरच्या सरांनी सांगितली, चहाला आले तेव्हा, गंमत म्हणून. हे तेव्हा आत आबांच्या पायाला तेल लावत होते. ऐकू गेलं असणार, पण बाहेर आले नाहीत.

पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाले, मराठी, गणित, परिसर चांगलं. बालमानसशास्त्रात दोन उत्तरं पटली नाहीत पण छापील तीच लिहिली. इंग्रजीत गेलो. नव्वदच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी आहे. निकाल यायचाय.

आता तुमच्या बाजूचंही बोलते, नाहीतर म्हणाल बाई नवऱ्याची वकिली करतेय. आम्ही मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या ठिकाणी, राहत नाही. वस्तीवर भाड्याने खोली नाही, आबांचा डॉक्टर इथे, पोरींच्या शाळा इथे. नियमाला ते धरून नाही, कबूल. वर्गात पेपर वाचत बसणारे गुरुजीही मी ओळखते. एकाच्या बायकोचे ब्लाउज माझ्याकडेच असतात. त्यांच्यामुळे गावात पानपट्टीवर जे बोललं जातं, फुकटचा पगार वगैरे, ते आमच्या पोरींना ऐकावं लागतं. अशांना परीक्षेने चाप बसणार असेल तर बसू द्या. पण मला शंका आहे. वर्गात पेपर वाचणाऱ्याला अभ्यासाला दिवसभर मोकळा आहे, तो पास होणार. मोळ्या बांधत बसणारा काठावर राहणार.

म्हणून मागणं एवढंच. ज्या शिक्षकांवर टीईटीची टांगती तलवार आहे, त्यांची बीएलओची ऑर्डर ऑगस्ट २०२७ पर्यंत दुसऱ्या कुणाला तरी द्या, यासाठी निवडणूकवाल्यांशी तुम्ही बोला, शिक्षकाला एकट्याला अर्ज करायला लावू नका. त्या अर्जाचं उत्तर खुलासा मागवणेबाबत असं येतं. जनगणनेतून सुटका होणार नाही हे धरून चालते, पण घरयादीचं काम ज्याला लागेल त्याचं त्या महिन्यांतलं पोर्टलचं काम तरी दुसरीकडून करून घ्या. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात संगणकावर बसणारी माणसं आहेत, तिथे पोरांची नावं भरता येतील. परीक्षा परिषदेला सांगून या मुदतीत टीईटी जास्त वेळा घ्या आणि तारखा आधी जाहीर करा, निवडणुकीच्या अंगावर येणार नाहीत अशा. आणि इंग्रजीचे वर्ग लावा. आमच्या जिल्ह्याचं डाएट, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारी संस्था, संगमनेरला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे नाही जमणार. दर शनिवारी दुपारी तालुक्याला दोन तास, शिकवणारा चांगला असला तर आमचे हे पुढच्या बाकावर बसतील. मीसुद्धा मागे बसेन म्हणते. पियाजे झाला, आता शब्दयोगी अव्यय राहिलेत.

परवा धाकटी तिच्या टोकाला बसून यांची वही तपासत होती. लाल पेनाने. ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ मध्ये पाच चुका. हे मान खाली घालून बघत होते, चौथीतल्या पोरासारखे. तिने खाली सही केली आणि लिहिलं, ‘पालकांची सही घेऊन येणे.’ वही माझ्याकडे आली. मी कात्री ठेवली आणि सही केली.

ते जाऊ दे. गाडीचा आवाज आला, हे आलेत, डिकीत मतदार यादीचा गठ्ठा असणार. पत्र इथेच थांबवते. एकच विनंती आहे. उत्तर दिलंत तर कागदावर द्या आणि पोस्टाने पाठवा. पोर्टलवर टाकलंत, तर ते उघडून वाचल्याची नोंद करायला रात्री पुन्हा यांनाच बसावं लागेल.

आपली विश्वासू,
एका उपशिक्षकाची बायको

डिसेंबर २०२५